लढाऊ विमान निवडायचे कसे?

लढाऊ विमानांचा विषय निघाला की आपल्याकडे तो कुस्तीच्या फडासारखा रंगतो. कोणत्या विमानाचा वेग जास्त, कोण किती उंच जाते, कोणाचे क्षेपणास्त्र किती लांब पोचते, याचे आकडे तोंडपाठ असलेले विद्यार्थी महाविद्यालयात दरवर्षी भेटतात. 'सर, राफेल श्रेष्ठ की सुखोई?' असे ते विचारतात. त्यांचा उत्साह चांगला आहे, पण प्रश्न अर्धाच आहे. श्रेष्ठ कशासाठी, कोणासाठी आणि कोणत्या आकाशात, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही.

इतिहास शिकणाऱ्याला यात नवे काही नाही. मराठ्यांच्या घोडदळात भीमथडीची तट्टे होती. अरबी घोडा त्यांच्यापेक्षा उंच आणि देखणा. पण डोंगरवाटांनी दिवसचे दिवस दौड करायची आणि मिळेल त्या चाऱ्यावर गुजराण करायची, तर तिथे तट्टूच कामाचे. घोडा चांगला की वाईट, हे नुसते घोड्याकडे पाहून ठरत नाही. मुलूख कसा, मोहीम कोणती आणि दाणावैरण किती, हे पाहून ते ठरते. हीच कसोटी घेऊन भारतीय हवाई दलाने आजवर विमाने कशी निवडली, ते आपण पाहू.

पहिला मोठा प्रसंग १९६२ सालचा. त्याआधी आपण ब्रिटनकडून व्हँपायर, हंटर व नॅट आणि फ्रान्सकडून तुफानी व मिस्तेर अशी विमाने घेतली होती. १९६१ साली पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे ते विमान अडवील असे आपल्याकडे काहीच नव्हते. गरज अगदी स्पष्ट होती : वेगाने वर चढून शत्रूला आकाशातच अडवणारे विमान हवे. शिवाय ते परवडले पाहिजे आणि आपल्या देशात बांधता आले पाहिजे. या तिन्ही अटींत बसले ते सोव्हिएत युनियनचे मिग-२१. १९६३ साली पहिली मिग चंदीगडला आली आणि पुढे नाशिकजवळ ओझर येथे त्यांचा कारखाना उभा राहिला. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली.

मिग-२१ चा पल्ला तोकडा होता आणि त्याला फार ओझे नेता येत नसे. पण ज्या कामासाठी ते घेतले, त्या कामाला ते चोख होते. गंमत अशी की, त्याने ते एकच काम केले नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटांचा मारा केला तो याच विमानांनी. म्हणजे अडवण्यासाठी घेतलेले विमान हल्ल्यालाही वापरावे लागले. युद्धात हातात जे असते त्यानेच लढावे लागते, हा धडा इथे मिळाला.

दुसरा प्रसंग १९७८ सालचा. शत्रूच्या मुलखात खोलवर शिरून मारा करणारे विमान हवे होते. ब्रिटन व फ्रान्स यांचे जॅग्वार, फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे विगेन, असे तीन उमेदवार होते. विगेन स्वीडनचे खरे, पण त्याचे एंजिन मुळात अमेरिकन बनावटीचे. अमेरिकेने परवानगी नाकारली आणि विगेन बाद झाले. विमान एकाचे, एंजिन दुसऱ्याचे आणि शब्द चालतो तो एंजिनवाल्याचा! तेव्हापासून तुलनेच्या तक्त्यात एक नवा रकाना आला, तो म्हणजे पुरवठा करणाऱ्याचा भरवसा. खरे पाहता १९६५ सालीच हे कळायला हवे होते. त्या वर्षीच्या युद्धात अमेरिका व ब्रिटन यांनी भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला होता.

तिसरा प्रसंग मिराज-२००० चा. पाकिस्तान एफ-१६ घेणार हे कळल्यावर १९८२ साली आपण फ्रान्सशी चाळीस मिराजांचा करार केला. १९८५ साली ती ग्वाल्हेरला आली. एफ-१६ ला तोंड देणे हा मूळ हेतू होता. पण त्यांचे नाव झाले ते चौदा वर्षांनी, कारगिलमध्ये. सोळा-सतरा हजार फूट उंचीवरच्या शिखरांवर शत्रू बसलेला, हवा विरळ आणि त्या हवेत नेहमीचे नेमबाजीचे गणित चुकणारे. अशा वेळी, जून १९९९ मध्ये, मिराजांवर इस्रायली नेमयंत्र बसवून लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे बाँब टायगर हिलवर अचूक टाकण्यात आले. पुढे २०१९ साली बालाकोटच्या मोहिमेवरही हीच विमाने गेली. विमान घेताना जे काम मनात असते, त्यापलीकडची कामे त्याच्या वाट्याला येतात. तेव्हा नवी यंत्रे व नवी शस्त्रे पेलण्याची जागा त्याच्या अंगात असावी लागते.

'बहुउद्देशीय लढाऊ विमान' ही कल्पना इथूनच समजून घ्यावी. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळे विमान असे. अडवणारे वेगळे, बाँब टाकणारे वेगळे, टेहळणीचे वेगळे. आता एकच विमान एकाच उड्डाणात ही सारी कामे करू शकते. कारण काम बदलते ते मुख्यतः रडार, संगणक आणि पंखाखालची शस्त्रे यांच्या जोरावर. सांगाडा तोच राहतो. यात फायदा आहे, तसा खर्चही आहे. असे विमान महाग असते. वैमानिकालाही सर्व कामांत तरबेज व्हावे लागते आणि त्यासाठी उड्डाणाचे तास जास्त लागतात.

बरे, गरज वेगळी असली की एकाच काळातले शहाणे लोकही वेगळे विमान निवडतात. १९८० नंतर ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली, स्पेन आणि फ्रान्स हे एकत्र येऊन एक विमान बांधायच्या विचारात होते. १९८५ साली फ्रान्स बाहेर पडला. त्याला विमानवाहू जहाजावर उतरू शकेल असे, थोडे हलके विमान हवे होते. इतरांचा भर आकाशातल्या लढाईवर होता. त्या फाटाफुटीतून दोन विमाने जन्मली. चौघांचे युरोफायटर टायफून आणि फ्रान्सचे राफेल. दोन्ही उत्तम आणि दिसायलाही भावंडे वाटावीत अशी. पण दोघांची कुळकथा वेगळी, कारण दोघांपुढचा प्रश्न वेगळा.

हीच दोन भावंडे पुढे भारताच्या दारात एकमेकांसमोर उभी राहिली. ती स्पर्धा थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये भारताने १२६ मध्यम वजनाच्या बहुउद्देशीय विमानांसाठी निविदा काढली. त्यांतली १८ तयार घ्यायची आणि १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्सने देशात बांधायची, असा बेत होता. सहा उमेदवार पुढे आले : अमेरिकेचे एफ-१६ आणि सुपर हॉर्नेट, रशियाचे मिग-३५, स्वीडनचे ग्रिपेन, युरोफायटर टायफून आणि राफेल. नीट पाहिले तर हे सहा एका वजनगटाचे नव्हते. ग्रिपेन एका एंजिनाचे व हलके, तर सुपर हॉर्नेट दोन एंजिनांचे व त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे. मग त्यांची तुलना करायची कशी?

हवाई दलाने ती कागदावर केली नाही. प्रत्येक विमानाला आपल्या देशात बोलावले आणि तीन ठिकाणी उडवून पाहिले : बंगळूर, जैसलमेर आणि लेह. या तीन नावांत आपल्या देशाचा सारा भूगोल येतो. बंगळूरला दमट हवा, जैसलमेरला वाळवंटातली आग आणि लेहला सुमारे १०,७०० फूट उंचीवरची थंड, विरळ हवा. तापलेल्या हवेत एंजिनाचा जोर कमी होतो. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, म्हणून धावपट्टीवर जास्त वेग घ्यावा लागतो किंवा ओझे कमी करावे लागते. युरोपातल्या थंड, सखल मैदानावर जे विमान आठ बाँब सहज नेते, ते लेहहून किती नेईल? तिथे एंजिन एकदा बंद केले, तर पुन्हा सुरू होईल का? माहितीपुस्तिकेतल्या आकड्यांवरून हे कळत नाही. पुढे भारताने राफेल घेतले, तेव्हा उंचावरच्या तळांवर एंजिन सुरू होण्याची खास सोय मागून घेतली, ती काही उगीच नव्हे.

एप्रिल २०११ मध्ये सहांपैकी दोनच उरली, टायफून आणि राफेल. आता प्रश्न पैशाचा. या वेळी केवळ खरेदीची किंमत पाहायची नाही, असे ठरले होते. विमान पुढे वर्षानुवर्षे उडवायचे, त्याचे इंधन, सुटे भाग, दुरुस्ती, हा सारा खर्च धरून हिशेब झाला. घोड्याची किंमत एकदा द्यावी लागते, दाणावैरण मात्र रोज! या हिशेबात राफेल स्वस्त ठरले आणि ३१ जानेवारी २०१२ रोजी त्याची निवड जाहीर झाली.

इथवर सारे आदर्श म्हणावे असे झाले. गरज आधी ठरली, परीक्षा कठोर झाली आणि हिशेब दूरचा केला गेला. पण पुढे घोडे अडले. देशात बांधायच्या १०८ विमानांच्या दर्जाची व वेळेची हमी कोणी द्यायची, यावर बोलणी रखडली. तीन वर्षे गेली. एप्रिल २०१५ मध्ये ३६ तयार विमाने घेण्याचे जाहीर झाले, मूळ निविदा रद्द झाली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी ३६ विमानांच्या करारावर सह्या झाल्या. त्यावरून संसदेत आणि न्यायालयात पुष्कळ वाद झाले, तो आपला आजचा विषय नव्हे. पहिली पाच राफेल २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली. निविदेपासून तेरा वर्षांनी! आणि १२६ च्या जागी ३६.

आता आपण विचाराल, मग त्या तेरा वर्षांत आकाश कोणी राखले? सुखोई, मिराज, जॅग्वार आणि मिग-२९ यांनी तर राखलेच, पण त्यांच्या जोडीला १९६३ सालचा आपला जुना गडी मिग-२१ हाही होताच. सुधारलेल्या रूपात त्याची आवृत्ती उडतच राहिली. त्याच्या बदली यायचे ते देशी 'तेजस' उशिरा आले, मध्यम विमाने रखडली, म्हणून मिगचे आयुष्य वाढवत न्यावे लागले. त्याच्या अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले. शेवटी २६ सप्टेंबर २०२५ रोजी, ज्या चंदीगडला ते पहिल्यांदा आले होते तिथेच, मिग-२१ ला निरोप देण्यात आला. ज्या हवाई दलाला ४२ लढाऊ स्क्वाड्रन मंजूर आहेत, त्याच्याकडे त्या दिवसानंतर २९ उरल्या.

या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. निवड करताना आपण सहसा चुकलो नाही. मिग-२१, जॅग्वार, मिराज, सुखोई, राफेल ही सारी आपापल्या कामाला योग्य विमाने होती. आपण चुकलो ते वेळेच्या हिशेबात. तुलनेच्या तक्त्यात वेग, पल्ला, रडार, किंमत, भरवसा असे सर्व रकाने होते. पण 'केव्हा मिळेल?' हा रकाना कोराच राहिला. २०१२ साली सर्वोत्तम ठरलेले विमान २०२० साली आले, तर मधल्या आठ वर्षांत त्याच्या श्रेष्ठपणाचा उपयोग कोणाला? वैमानिक उडतो ते तळावर उभे असलेल्या विमानातून, फायलीतल्या विमानातून नव्हे. निर्णय लांबवणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो.

यावर उपाय म्हणून देशी विमानाकडे बोट दाखवले जाते आणि ते बरोबरही आहे. १९९८ साली पोखरणच्या स्फोटांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा तेजसचे काम अडले होते. आपले हवे तर आपणच बांधावे, हा धडा त्यातून पक्का झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने नाशिकच्या आकाशात भरारी घेतली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण तेजसचे एंजिन अजून अमेरिकेहून येते आणि ती एंजिने वेळेवर न आल्याने विमाने हवाई दलाच्या हाती पडायला उशीर झाला. १९७८ साली विगेनने शिकवलेला धडा अजून पुरा गिरवून झालेला नाही, असेच म्हणायचे.

तेव्हा यापुढे वर्तमानपत्रात दोन विमानांची तुलना वाचाल, तेव्हा आकडे जरूर वाचा. पण त्यांच्यापाशी थांबू नका. हे विमान कोणत्या कामासाठी? आपल्या उन्हात आणि आपल्या उंचीवर ते कसे चालेल? त्याची दाणावैरण किती? संकटात देणारा हात आखडणार नाही ना? आणि ते प्रत्यक्ष धावपट्टीवर केव्हा उभे राहील? हे पाच प्रश्न विचारायला वैमानिक किंवा इंजिनिअर असावे लागत नाही. करातून या विमानांचे पैसे देणाऱ्या आणि आपली मुले त्यांत बसवणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ते विचारण्याचा अधिकार आहे. त्यांतला शेवटचा प्रश्न सर्वात मोठ्याने विचारावा, कारण आजवर तोच सर्वात कमी विचारला गेला आहे.