वहीत न आलेली माणसं

आज तेरखेड्यात आपण इतिहास बोलणार आहोत तो मानेचा. मानेत सात मणके असतात. काही बाळांत ते आईच्या पोटात सुटे व्हायचे राहतात, दोन-तीन मणके जोडलेलेच येतात. मान आखूड, मागचे केस खालपर्यंत उतरलेले, मान वळवायला अडचण. ही तिन्ही लक्षणं एकत्र मात्र निम्म्याहून कमी जणांत दिसतात. १९१२ साली पॅरिसच्या मोरीस क्लिपेल आणि आंद्रे फेल यांनी याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हा विकार 'क्लिपेल-फेल'.

त्यांचा तो रुग्ण मूल नव्हता बरं का! ४६ वर्षांचा शिंपी होता. म्हणजे विकाराला नाव मिळण्याआधी एक माणूस तो घेऊन सुई-दोऱ्यावर पोट भरत होता.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, डॉक्टरकी नव्हे. आमचा प्रश्न पुराव्याचा आहे. अशा मुलांचं पुढं काय होतं, हे आपण दवाखान्याच्या वहीतून ठरवतो. पण वहीत येतो तो त्रास झालेला. कित्येकांना जोडलेले मणके मोठेपणी, दुसऱ्याच कारणानं काढलेल्या एक्स-रेत कळतात. ते आधी कुणी मोजलेच नव्हते. आणि ज्यांना दवाखाना गाठताच आला नाही, तेही मोजले गेले नाहीत. म्हणून 'काही होत नाही' हेही खरं नाही आणि 'सगळं संपलं' हेही नाही.

धोका खरा आहे. जोडलेल्या मणक्यांच्या वर-खालच्या सांध्यांवर वर्षानुवर्षं जादा भार पडतो. मज्जारज्जू दबू शकतो. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, हातातली वस्तू निसटणं, असं दिसलं की थांबू नये. मूत्रपिंड आणि कानही तपासून घ्यावेत.

उपायही इथलेच आहेत. मानेचे वरचे दोन मणके सरकत असतील तर ते पट्टी आणि स्क्रूनं पक्के करायची पद्धत मुंबईच्या केईएममधून अतुल गोयल आणि लहेरी यांनी १९९४ साली जगापुढं मांडली.

२०१३ पासून सरकारी पथकं शाळा-अंगणवाडीत मुलं तपासतात. जन्मदोषांच्या त्यांच्या यादीत नऊ नावं आहेत. मानेच्या मणक्यांचं वेगळं नाव नाही. तेव्हा नजर आपणच ठेवायची. गल्लीत एखाद्या पोराला 'मान नसलेला' म्हणून चिडवत असतील, तर चिडवणाऱ्याला गप्प करा आणि त्या पोराला एकदा डॉक्टरला दाखवा. त्याचंही नाव वहीत येऊ द्या.