आगरकरांच्या गद्याची शाळा

मराठीच्या अभ्यासक्रमात गोपाळ गणेश आगरकर भेटतात ते 'सुधारक'कार म्हणून, म्हणजे सिद्ध झालेल्या रूपात. त्यांचे दोन-तीन निबंध वाचले जातात, शैलीला 'तर्ककठोर' हे विशेषण लावले जाते आणि प्रकरण पुढे सरकते. ही शैली कोणत्या शाळेत घडली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आम्हांला असे वाटते की ती शाळा वृत्तपत्राची होती. विद्यार्थीदशेतच आगरकर तिच्यात दाखल झाले आणि तिथे त्यांना एकाहून अधिक प्रकारचे लेखन करावे लागले. त्यांतल्या एका प्रकारातील चूक त्यांना तुरुंगापर्यंत घेऊन गेली. या लेखात त्या वाटेचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

आगरकरांचा जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची स्थिती इतकी हलाखीची की कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी शिक्षणासाठी भटकंती झाली. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाचा आधार मिळाला आणि १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती, निबंधांची आणि वक्तृत्वाची बक्षिसे आणि वृत्तपत्रांतील लेखन यांवर त्यांनी दिवस काढले. 'वऱ्हाड समाचार' या अकोल्याच्या पत्रासाठी ते विद्यार्थी असतानाच लिहीत होते. हे लेखन हौसेचे नव्हते; शिक्षणाचा खर्च भागविण्याचा तो एक मार्ग होता.

त्या काळी वृत्तपत्रात लिहू पाहणाऱ्या तरुणापुढे कोणते नमुने होते? पहिला नमुना पत्राचा. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात जी 'शतपत्रे' लिहिली, त्यांनी वाचकाशी थेट बोलणारे, छोट्या वाक्यांचे, रागावणारे गद्य रूढ केले होते. दुसरा नमुना वार्तेचा. इंग्रजी पत्रांतून उतरवून घेतलेला मजकूर आणि गावोगावच्या लोकांनी लिहून पाठविलेल्या हकिकती, असे तिचे स्वरूप असे. तिसरा नमुना निबंधाचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली, म्हणजे आगरकरांचे कॉलेजचे दिवस आणि मालेचे दिवस एकच. मालेतील लांब पल्ल्याची, उपरोधाने भरलेली वाक्ये त्या पिढीच्या कानांत बसली होती. त्यातच कॉलेजात मिल्ल आणि स्पेन्सर यांचे वाचन झाले आणि आणखी एक ओढ निर्माण झाली : आधी प्रमेय मांडावे, मग त्याची कारणे द्यावीत.

या तीन नमुन्यांतला महत्त्वाचा भेद शैलीच्या आत दडलेला आहे. निबंधातील विधानाची परीक्षा वाचक स्वतःच्या बुद्धीने करू शकतो. कारणे पटली नाहीत तर तो निबंध बाजूला ठेवतो. वार्तेचे तसे नसते. दूरच्या संस्थानात काय घडले, हे वाचकाला पडताळता येत नाही. तो लिहिणाऱ्यावर विसंबतो. म्हणून निबंधकाराने तर्कात चूक केली तर त्याचा निबंध पडतो, पण वार्ताहराने वस्तुस्थितीत चूक केली तर तिसऱ्याच माणसाचे नुकसान होते. वक्तृत्वाच्या आणि निबंधांच्या स्पर्धांत तयार झालेल्या हुशार विद्यार्थ्याला पहिली गोष्ट लवकर येते. दुसरी कोणत्याही कॉलेजात शिकवली जात नव्हती.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली, तेव्हा आगरकर नुकतेच एम. ए. झालेले, चोविशीतले होते. देशी भाषांतील पत्रांवर निर्बंध घालणारा १८७८ चा कायदा अजून उठला नव्हता; तो १८८२ मध्ये रद्द झाला. 'केसरी'चे संपादन आगरकरांकडे आले आणि 'मराठा'चे टिळकांकडे. नव्या पत्राच्या जाहीरनाम्यात रात्रीच्या रस्त्यांवरील दिव्यांची उपमा होती. दिवे आणि गस्त यांनी जे काम होते तेच लेखणीने व्हावे, आणि सरकारी कामगारांच्या वर्तनाविषयी पक्षपात न करता खरा मजकूर यावा, असा त्याचा आशय. ही प्रतिज्ञा निबंधाची नव्हे, वार्तेची आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

वर्षभरातच तिची कसोटी लागली. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे आणि त्याला दिवाण माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. अन्यायाची चीड खरी होती. परंतु ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट असल्याचे न्यायालयात ठरले. संपादकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून ते २६ ऑक्टोबरला सुटले.

राष्ट्रीय इतिहासात या प्रकरणाची नोंद त्याग म्हणून होते आणि ती अयोग्य नाही. लोकांनी या तरुणांचा सत्कार केला, पत्राची प्रतिष्ठा वाढली. पण गद्याच्या इतिहासात त्याच घटनेचा आणखी एक अर्थ लागतो. आवेश आणि पुरावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या जोरावर दुसरीची उणीव भरून निघत नाही, हे या प्रकरणाने उघडे केले. निबंधाच्या आवाजात वार्ता लिहिली गेली, की वाक्य जितके प्रभावी तितका धोका मोठा.

तुरुंगातून सुटल्यावर त्याच वर्षी आगरकरांचे 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक आले. आमच्या मते त्याकडे वार्तालेखन म्हणूनही पाहिले पाहिजे. येथे दुसऱ्याने लिहून पाठविलेल्या पत्राचा आधार नाही. लिहिणारा स्वतः साक्षीदार आहे. कोठडी, अन्न, दिनक्रम, टिळकांशी रंगणाऱ्या चर्चा, असा पाहिलेला आणि भोगलेला तपशील त्यात येतो. शीर्षकातील 'आमचे' या शब्दात दोन माणसे आहेत आणि '१०१' या आकड्यात मोजदाद आहे. बनावट कागदपत्रांवर विसंबल्याने शिक्षा झालेल्या संपादकाने सुटताच लिहावे ते दिवस मोजून आणि डोळ्यांनी पाहिलेले, हा योगायोग असेलही. पण तो बोलका आहे. याच तुरुंगवासाशी जोडले जाणारे 'विकारविलसित' हे 'हॅम्लेट'चे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे एकाच कोठडीतून दोन अगदी वेगळ्या जातींचे मराठी गद्य बाहेर पडले.

पुढची पाच वर्षे 'केसरी'तच गेली, आणि सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेल्यावर १८८७ मध्ये आगरकरांनी ते संपादकपद सोडले. ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला; त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. त्याच १८८८ सालचे आगरकरांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक आपण व्याकरणाच्या कपाटात ठेवून देतो. पत्रकाराच्या हातचे ते पुस्तक आहे, हे विसरतो. कर्ता कोण, क्रिया कोणती, कोणते उपवाक्य कोणावर अवलंबून आहे, हे तपासण्याची सवय आणि 'सुधारक'मधील युक्तिवाद यांचे नाते असावे, असे आम्हांला वाटते. 'सुधारक'मध्ये त्यांनी असे विषय प्रामुख्याने हाती घेतले की ज्यांचा पुरावा वाचकाच्या घरातच होता : बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे. कोल्हापूरच्या राजवाड्यात काय चालले होते ते पुण्याच्या वाचकाला दिसत नव्हते. माजघरात काय चालते ते त्याला रोज दिसत होते. तेथे बनावट पत्राची गरज नव्हती आणि पळवाटही नव्हती. पुण्याच्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, यावरून ते गद्य कोठे जाऊन लागले ते कळते.

आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही पूर्ण न करता, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना गेले. आज आपल्या वर्गांतली मुले महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी वृत्तान्त लिहितात, स्थानिक पत्रांना मजकूर देतात, आणि आपण त्यांच्या लेखनावर शेरे मारतो ते भाषेविषयी : वाक्य सैल आहे, शब्द नेमका नाही. कोल्हापूर प्रकरणातील लेखनाला असा शेरा बहुधा कोणी मारला नसता. त्या वहीच्या समासात लिहावयास हवा होता तो एक साधा प्रश्न : हे तुला कोणी सांगितले, आणि त्याला कसे कळले? हा प्रश्न पत्रकारितेच्या वर्गासाठी सोडून न देता मराठीच्या वर्गातही विचारला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.