पाळण्यातले नाव आणि हाकेचे नाव

यंदा चैत्रात आमच्या धाकट्या भावाला मुलगा झाला. घरात बाळ आले की नावाची चर्चा होतेच, आमच्याकडे ती जरा जास्तच लांबली. आईचे म्हणणे एकच होते, "ह्यांचे नाव ठेवा." वडिलांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. त्यांचे नाव मोरेश्वर. धाकट्या सुनेला या नावाचा राग नव्हता, पण धास्ती होती. ती म्हणाली, "भाऊजी, इथल्या शाळेत मुलं ह्याला 'मोर, मोर' म्हणून हैराण करतील." तिने काढलेली नावे दोन-तीन अक्षरी आणि कानाला गोड होती, पण अर्थ विचारला की मोबाईल उघडावा लागे. आई दोन दिवस जेवताना कुणाशी बोलली नाही. बारशाचा बारावा दिवस हुकला, सव्वा महिन्यावर गेला. घरात मी थोरला, तेव्हा निकाल माझ्यावर आला.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस आहे. पण या निमित्ताने जुनी चरित्रे आणि वंशावळी चाळल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या घरात जो तंटा उभा राहिला होता, त्याची सोय आपल्या जुन्या माणसांनी केव्हाच करून ठेवली होती. तेच इथे मांडतो.

आपण इंदूरकर रोज जुन्या नावांमधूनच येतो-जातो. मल्हारगंज, तुकोगंज, यशवंत निवास रोड, आजारी पडलो तर एम. वाय., म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय. होळकरांच्या वंशावळीत हीच नावे फिरून फिरून येतात. सुभेदार मल्हाररावांच्या वडिलांचे नाव खंडोजी. मल्हाररावांनी आपल्या मुलाचे नाव खंडेराव ठेवले. हेच अहिल्याबाईंचे यजमान, जे १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात कामी आले. पुढे एकोणिसाव्या शतकात गादीवर पुन्हा मल्हारराव, मार्तंडराव आणि खंडेराव आले. मल्हारी, मार्तंड, खंडेराव ही तिन्ही नावे जेजुरीच्या खंडोबाची. घराणे माळव्यात स्थिरावले, पण नावांतून कुलदैवत सोबत राहिले. १८८६ साली दुसरे तुकोजीराव गेले, त्यांच्यामागे मुलगा शिवाजीराव गादीवर आला आणि शिवाजीरावांच्या मुलाचे नाव पुन्हा तुकोजीराव. आजोबा गेले की त्यांचे नाव नातवाकडे यायचे. जुन्या घरांतून नाव शोधावे लागत नसे, ते पाळीपाळीने आपोआप येई.

छत्रपतींच्या घरातही हेच दिसते. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले. त्यानंतर १६५७ साली महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव संभाजी ठेवले. महाराजांचे निधन १६८० सालचे. १६८२ साली संभाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव शिवाजी. आपण त्यांना शाहू महाराज म्हणून ओळखतो, पण ते त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. गेलेल्या माणसाचे नाव घरात पुन्हा घेतले जावे, एवढीच त्यामागची इच्छा असणार.

आता यातली अडचण पाहा. आपल्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नसे आणि सून सासऱ्याचे. माझ्या आईनेही सारा संसार केला, पण उखाण्याशिवाय 'मोरेश्वर' हे नाव कधी तोंडातून काढले नाही. मग नातवाला हाक कशी मारायची? याचे उत्तर पेशव्यांच्या घरात सापडते. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले. त्याच वर्षी डिसेंबरात थोरल्या बाजीरावांना मुलगा झाला. नाव अर्थातच बाळाजी. पण घरात आजी राधाबाई होत्या, त्या नवऱ्याच्या नावाने नातवाला कशी हाक मारणार? आई काशीबाई सासऱ्याचे नाव कसे घेणार? कागदोपत्री ते बाळाजी बाजीराव झाले, आणि घरात व लोकांत नानासाहेब. सदाशिवरावांना भाऊसाहेब आणि रघुनाथरावांना दादासाहेब म्हणत, तीही याच वळणाची नावे. पाळण्यातले नाव पूर्वजांचे आणि देवाचे, हाकेचे नाव घरच्यांच्या मायेचे. एका मुलाला दोन नावे असल्यामुळे सासू आणि सून दोघींचे मन राखले जाई.

कधी कधी हाकेचे नावच पुढे जाई. ज्यांनी १८९३ पासून आपल्या या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्या लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव. घरात त्यांना बाळ म्हणत. देशाने तेच नाव उचलले आणि ते बाळ गंगाधर टिळक झाले.

जुन्या नावाचा आणखी एक गुण म्हणजे ते एकटे येत नसे, सोबत वडिलांना घेऊन येई. अष्टप्रधानांची नावे पाहा. मोरो त्रिंबक म्हणजे त्रिंबकपंतांचा मोरेश्वर. निळो सोनदेव म्हणजे सोनदेवांचा नीलकंठ, आणि त्यांच्या मुलाचे नाव रामचंद्र नीलकंठ. दोन शब्दांत दोन पिढ्या कळतात. आपल्या हिंदी मुलखात ही साखळी सैल होते. इथल्या फॉर्मवर नाव आणि उपनाम एवढेच असते, पित्याचे नाव खालच्या वेगळ्या रकान्यात. मी नोकरीला लागलो तेव्हा एका कचेरीतल्या बाबूने 'मोरेश्वर' ऐकून माझ्या कागदावर वडिलांचे नाव 'मुरारीलाल' लिहिले. ते दुरुस्त व्हायला आठ महिने आणि एक शपथपत्र लागले. वडील हसून म्हणाले, "असू दे रे, देवाचंच नाव आहे." मला मात्र हसू आले नव्हते. नाव चुकले की माणूसच बदलला असे मला वाटले होते.

आमच्या आजोबांचे नाव धोंडो. हे नाव दोन वाटांनी येते. एक वाट गणपतीची, कारण काशीच्या ढुंढिराज गणपतीवरून धुंडिराज आणि त्याचे लाडके रूप धोंडो. दादासाहेब फाळके यांचे मूळ नाव धुंडिराज गोविंद. दुसरी वाट दुःखाची आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम धोंडू, दगडू, केरू, भिकू असे ठेवत. धोंडा, केर, भिकेत मिळालेली वस्तू असे ऐकून दृष्ट लागू नये आणि यमानेही 'हे काय न्यायचे' म्हणून पुढे जावे, अशी समजूत. आमच्या पणजीची दोन मुले गेल्यावर आजोबा झाले, म्हणून ते धोंडो. आज अशी नावे ऐकून आपण हसतो, पण त्यांच्यामागे आईचा जीव टांगलेला होता. आणि नावाने कुणाचे अडत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. त्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतले आणि १९६२ पर्यंत जगले.

राहिले मोरेश्वर. हे मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव. मोरगाव अष्टविनायकांतले पहिले ठाणे, कऱ्हा नदीच्या काठचे. त्याच कऱ्हेच्या खोऱ्यात होळकरांच्या खंडोबाची जेजुरीही आहे. मोरावर बसून सिंधु दैत्याचा वध केला म्हणून तो मयूरेश्वर, अशी कथा आहे. मोरो, मोरोबा, मोरोपंत ही सगळी त्याचीच रूपे. बारामतीचे कवी मोरोपंत आपल्या कवितेत स्वतःला 'मयूर' म्हणवत.

एके संध्याकाळी हे सगळे मी आई, भाऊ आणि सून यांना एकत्र बसवून सांगितले. आज दोन नावांची रीत का मोडली, हेही सांगितले. जन्मदाखल्यावर नाव एकच, तेच शाळेत, तेच आधार कार्डावर, तेच पासपोर्टवर. साहजिकच आपण एकाच नावाकडून सगळे मागतो. त्याने पूर्वजांची आठवण ठेवावी, नवीनही वाटावे आणि कुणाला उच्चारायला जडही जाऊ नये. एका नावावर एवढे ओझे घातले की घरात भांडण होणारच. पण दाखल्यावर एक आणि घरात दुसरे ठेवायला आजही कुणाची मनाई नाही. घाईही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव त्यानंतरही, वर्षाच्या आत, कसलेही शुल्क न देता नोंदवता येते.

सून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दाखल्यावर मोरेश्वर लिहू या. घरी मयूर म्हटलं तर चालेल ना?" आई म्हणाली, "मलाही बरं. मी तरी दुसरं काय म्हणणार होते?"

बारशाला देवासहून आमची बहीण आली. आत्याने 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करून बाळाला पाळण्यात घातले आणि त्याच्या कानात नाव सांगितले. आईने पाळण्याच्या दोरीला हात लावला आणि डोळे पुसले. त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा एक मोरेश्वर आहे, आणि दिवसभर त्याला 'मयू, मयू' अशी हाक असते.

आपल्याही घरात पाळणा हलणार असेल तर एवढेच करा. नावांची यादी मोबाईलवर शोधण्याआधी घरातल्या थोरांकडून तीन-चार पिढ्यांची नावे लिहून घ्या. त्यांतले एखादे नाव ठेवायलाच हवे असे नाही. पण ती माहीत असलेली माणसे गेली की वहीत लिहायलाही कुणी उरत नाही. आमच्या पणजीचे नाव आज आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

चिंचवडचे मोरया गोसावी हे मोरगावच्या मयूरेश्वराचे थोर भक्त, आणि आपल्या जयघोषातला 'मोरया' त्यांच्याच नावाशी जोडला जातो. यंदा आरतीच्या वेळी बाळ आईच्या मांडीवर असेल. सगळा मांडव जे नाव घेईल ते त्याच्याच नावाचे भावंड, आणि आईलाही ते मोठ्याने घेता येईल.

गणपती बाप्पा मोरया!