सुंदरसिंग, साधू
(३ सप्टेंबर १८८९–१९२९?). इस्टेटीऐवजी श्रद्धेचा वारसा ठेवून गेलेले ख्रिस्ती धर्मप्रचारक. जन्म आजच्या चंडीगढच्या पश्चिमेला, लुधियाना जिल्ह्यातील रामपूर गावी, सधन शीख जमीनदार घराण्यात.

ख्रिस्ताची वाट धरली आणि घर सुटले. १९०५ मध्ये सिमल्यात, ऐन सोळाव्या वाढदिवशी, बाप्तिस्मा झाला. लवकरच अंगावर भगवी कफनी चढली. पायांत वहाण नाही, गाठीला पैसा नाही. चंडीगढच्या वरच्या डोंगरांतील सबाथू येथे त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. प्रचाराचा मिळालेला परवानाही परत केला. एकाच पंथाच्या दावणीला बांधले जाणे त्यांना मानवणारे नव्हतेच.

१९२९ मध्ये तिबेटकडे निघाले, ते परतले नाहीत. कबर नाही, मठ नाही. राहिली ती छोटी पुस्तके, अनेक भाषांत गेलेली.

अशीच वाट महाराष्ट्रात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनीही धरली; त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.