कान्हेरीचा एक द्रम्म

आपल्या उपनगरांतल्या शाळेत शिकलेला माणूस कान्हेरीच्या सहलीला गेलाच नाही, असे सहसा होत नाही. पाण्याची टाकी, चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्ती आणि डब्यावर झडप घालणारी माकडे सगळ्यांना आठवतात. भिंतींवर कोरलेले लेख मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यातला एक मुद्दाम सांगावासा वाटतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेल्या कीलहॉर्न यांनी तो वाचून प्रसिद्ध केला.

लेख शके ७६५ चा, म्हणजे इ. स. ८४३ चा. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा मांडलिक, कोकणचा शिलाहार पुल्लशक्ती याच्या अमात्याने इथल्या भिक्षुसंघाला दान दिले आणि त्याची फोडही कोरून ठेवली : बुद्धाच्या पूजेसाठी २० द्रम्म, विहाराच्या डागडुजीसाठी ३, भिक्षूंच्या चीवरांसाठी ५ आणि पुस्तकांसाठी १. द्रम्म म्हणजे चांदीचे नाणे. जवळजवळ बाराशे वर्षांपूर्वी बोरिवलीच्या डोंगरात ग्रंथांसाठी वेगळी तरतूद होती! ती सर्वांत लहान होती, हे वाचून आपल्या ग्रंथपाल बाई नक्की हसतील.

त्या काळी दुसऱ्या विहारातला ग्रंथ हवा असेल, तर त्याची नक्कल करून घ्यावी लागे. ह्युएनत्संग नालंदेत शिकला आणि इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चीनला पोचला. वाटेत सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या. ती हळहळ त्याच्या मनातून गेली नाही. कित्येक वर्षांनी त्याने भारतातल्या ज्ञानप्रभ आचार्यांना पत्र लिहिले, हरवलेल्या ग्रंथांची यादी जोडली आणि ते पाठवण्याची विनंती केली. परगावच्या वाचकाचे इतके जुने मागणीपत्र मला दुसरे माहीत नाही.

पुढे नवव्या शतकात पाल राजा देवपालाने सुवर्णद्वीपाच्या राजाच्या विनंतीवरून नालंदेला पाच गावे दिली. धर्मग्रंथ लिहवून घेणे हा त्या दानाचा एक हेतू होता. तिकडे पाच गावे, इकडे एक द्रम्म! तरी मला इकडचे जास्त अप्रूप वाटते, कारण इथे देणारा राजा नव्हता.

कान्हेरी काही एकाकी नव्हती. पुल्लशक्तीनंतर त्याचा मुलगा कपर्दी गादीवर आला. त्याच्या काळात थेट गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इथे १०० द्रम्म दिले. एवढ्या लांबून माणसे येत होती, तर त्यांच्या गाठोड्यांतून पोथ्याही येत-जात असणार, असे मी धरून चालतो. अविघ्नाकराचे द्रम्म मात्र ध्यानाच्या खोल्यांसाठी आणि चीवरांसाठी होते.