२७.५ हा आकडा आला कुठून?



पर्युषण संपल्यावर आमच्या महिला मंडळाने आरोग्य शिबिर ठेवलं होतं. रांगेत माझ्या पुढे धाकटी जाऊ आणि मागे पंधरा-वीस जणी. जाऊ काट्यावर उभी राहिली, उंची मोजली, आकडा आला २०.३. "छान मेंटेन केलंय हं ताई," म्हणत तपासणाऱ्या मुलीने तिला कागद दिला. मग माझी पाळी. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ६६ किलो. मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "सत्तावीस पॉइंट पाच. लठ्ठपणा." मागून कुणीतरी, अगदी प्रेमाने बरं का, बोललं, "दहा दिवस एकाशन करूनसुद्धा काही उतरलं नाही होय!"

मी हसले. अशा वेळी हसायचंच असतं. माझं एकाशन वजन उतरवायला नव्हतं, हे तिथे काट्यावर उभं राहून कुणाला सांगणार? पण तो आकडा डोक्यातून जाईना. घरी आल्यावर लेकीला म्हटलं, हा बी.एम.आय. काढला तरी कुणी, शोध बघू. मग दोन आठवडे आम्ही मायलेकी रात्री त्याच्याच मागे.

हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. गंमत म्हणजे तो ज्यांच्यापासून सुरू झाला ते डॉक्टर नव्हतेच. बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटेले हे खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातले गृहस्थ. १८३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवलं की मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. कोण लठ्ठ आणि कोण आजारी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

वजनाला हिशेबाच्या वहीत आणलं विमा कंपन्यांनी. कोणता गिऱ्हाईक लवकर जाईल, यावर त्यांचा नफा-तोटा ठरणार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने १९४२-४३ मध्ये उंचीनुसार 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. त्यात बांधा लहान, मध्यम, मोठा असे रकाने होते, पण बांधा मोजायचा कसा ते सांगितलेलंच नव्हतं. विमा परवडणाऱ्या तिकडच्या लोकांवरून केलेले हे तक्ते पुढे डॉक्टरही वापरू लागले.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त रेंगाळले ती अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञापाशी. केटेलेंचा जुना भागाकार यांनीच १९७२ मध्ये उचलला आणि त्याला बी.एम.आय. हे आजचं नाव दिलं. त्यासाठी पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची मापं तपासली होती. सगळे पुरुष! बाई एकही नाही आणि त्या पाचांत आपला देशही नाही. शिवाय कीज यांचा दावाही माफकच होता: हे माप पुरतं समाधानकारक नसलं, तरी इतर सूत्रांच्या तोडीचं आहे.

याच कीज यांनी त्याआधी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला होता. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे शिकण्यासाठी. त्यात स्वतःहून आले ३६ तरुण. ही मुलं कोण, तर आपल्या श्रद्धेपोटी हातात बंदूक घ्यायला नकार दिलेली! त्यांतले बरेच शांतताप्रिय ख्रिस्ती पंथांचे. आपल्याला ती जवळची वाटावीत अशीच. चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न मिळालं, दिवसाला साधारण १,६०० कॅलरी: ब्रेड, बटाटे, सलगम असलं काही. वर दर आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालणं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं.

आणि मन? ही मुलं रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. ताटं चाटून पुसून घेत. एकेक जेवण तासन्‌तास पुरवत. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले तरुण पाककृतींची पुस्तकं गोळा करत बसले. चिडचिड, उदासी वाढली, काहींनी चोरून खाल्लं. प्रयोग संपून पोटभर मिळायला लागलं, तरी कित्येकांची भूक महिनोन्‌महिने भागेना आणि अंगावरची चरबी आधीपेक्षा जास्त चढली. आपल्या उपवासाला पारण्याचा दिवस ठरलेला असतो, ती गोष्ट निराळी. पण युद्धाला नाही म्हणण्याइतका निग्रह असलेल्या मुलांचं हे झालं, आणि आपण लग्नातल्या पंगतीत एखादीच्या ताटाकडे बघून 'तोंडावर ताबा नाही' म्हणून मोकळ्या होतो. मीही म्हटलंय. माझ्याच मावसबहिणीला म्हटलंय, ती आता पंगतीला येतच नाही.

पुढचं पटकन सांगते. १९९८ मध्ये अमेरिकेने 'जास्त वजना'ची रेषा २७ च्या वरून २५ वर आणली आणि रात्रीत कोट्यवधी माणसं जाड ठरली, कुणाचंही वजन न वाढता. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी ती आणखी खाली आणली: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा.

मला वाटलं, हा आपल्यावर अन्यायच. पण त्यामागचं कारण थेट पुण्यात सापडलं. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण चरबी मात्र बऱ्यापैकी राखून जन्मलेली. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपला आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बी.एम.आय. नेमका सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक नसतो. म्हणून काट्यापेक्षा कमरेचं माप जास्त बोलतं, आणि आपल्याकडच्या बायकांसाठी ती रेषा ८० सेंटीमीटरची.

सरकारचंही लक्ष आहे. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला होता. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं. तेलाची बरणी कुणाच्या हातात असते, ते मी सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के हडकुळ्या. एकाच घरात दोघी असू शकतात.

आमच्या घरात जरा वेगळंच निघालं. शिबिराचे रक्ताचे रिपोर्ट आले. माझी साखर ठीक, रक्तदाब जरा चढलेला. आणि धाकट्या जावेची उपाशीपोटी साखर १३८. पुन्हा तपासली, तरी तेच. गेली सहा वर्षं तिने एकदाही तपासली नव्हती. "ताई, मला कोण सांगणार तपास म्हणून? सगळे म्हणायचे, तुला काय धाड भरलीय," ती म्हणाली आणि ओट्यापाशी उभी राहून रडली.

आता सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की दोघी मंदिराच्या मागच्या रस्त्याने पाऊण तास चालतो. शिलाईच्या पेटीतली माझी टेप आम्ही दोघींनी कमरेला लावून बघितली. माझी ८८, तिची ८४.

पुढचं शिबिर चैत्रात आहे. मंडळाच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागितल्या: काट्यापुढे पडदा आणि शेजारी एक टेप. पडद्याचं कापड अध्यक्षीणबाई देणार आहेत, शिवणार मी.