चॉकलेट-पुदिना कुकीज : घरगुती कृती आणि कारणमीमांसा

चॉकलेट आणि पुदिना यांची जोडी पाश्चात्त्य बेकिंगमध्ये रूढ आहे. अमेरिकेतील 'गर्ल स्काउट्स' संघटना १९५१ साली ज्या तीन प्रकारच्या कुकीज विकत असे, त्यांत 'चॉकलेट मिंट्स' हा एक होता. आज तोच प्रकार 'थिन मिंट्स' या नावाने ओळखला जातो. पातळ, कुरकुरीत आणि वरून चॉकलेट लावलेली ही कुकी अंड्याविना घरी करता येते.

पुदिना कोणता?
चटणीसाठी वापरला जाणारा पुदिना बहुधा 'स्पिअरमिंट' जातीचा असतो. त्याचा गंध कार्व्होन या घटकाचा. जिभेला जाणवणारा गारवा मात्र मेंथॉलचा असून तो 'पेपरमिंट'मध्ये विपुल असतो. म्हणूनच ताजी पाने घालून अपेक्षित चव येत नाही; शिवाय पानांतील पाण्यामुळे कुकी मऊ पडते. यासाठी खाद्योपयोगी पेपरमिंट अर्क वापरावा. अर्क आणि तेल एक नव्हे. तेल कितीतरी पटींनी तीव्र असल्याने ते चमच्याने न मोजता दोन-तीन थेंबच घ्यावे आणि बाटलीवर ते खाद्योपयोगी असल्याचा उल्लेख पाहावा. मालिशीचे किंवा सुगंधासाठीचे तेल पदार्थात कधीही घालू नये.

साहित्य (सुमारे ५० कुकीज)
मैदा १५० ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी ११५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, दूध १ ते २ मोठे चमचे, पेपरमिंट अर्क अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. वरच्या थरासाठी डार्क चॉकलेट २०० ग्रॅम.

कृती
मऊ लोणी व पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटावी. त्यात अर्क मिसळावा. मैदा, कोको व मीठ एकत्र चाळून घालावे आणि गोळा जमेल इतकेच दूध वापरावे. पीठ फार मळू नये. मळल्याने ग्लुटेन वाढून कुकी चिवट होते. चार सेंटिमीटर जाडीच्या दोन वळकट्या करून त्या दोन तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. लोणी घट्ट झाल्याने काप स्वच्छ पडतात आणि भट्टीत पसरत नाहीत. पाच मिलिमीटर जाडीचे काप ट्रेवर मांडून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसवर १० ते १२ मिनिटे भाजावेत. कोकोमुळे रंगावरून अंदाज येत नाही. कडा घट्ट लागल्या की ट्रे काढावा. गरम असताना त्या मऊच लागतात, निवल्यावर कुरकुरीत होतात. कच्चे पीठ चाखणे टाळावे, कारण मैद्यातही रोगजंतू असू शकतात.

चॉकलेटचा थर
चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवावे. त्यात पाण्याचा थेंबही गेल्यास ते दाणेदार होऊन घट्ट बसते. पूर्ण निवलेल्या कुकीची एक बाजू त्यात बुडवून ती कागदावर ठेवावी.

गोव्याच्या हवेत
किनारपट्टीवर दोन अडचणी येतात. चॉकलेटमधील कोको-बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत थर हाताला चिकटतो. अशा वेळी कुकीज हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अन्यथा दव साचून चॉकलेटवर पांढरे डाग येतात. पावसाळ्यात तासाभराच्या उघड्या हवेनेही कुकी सादळते. थर लावण्यापूर्वी तसे झाल्यास १५० अंशांवर पाच मिनिटे पुन्हा भाजावी. थर दिल्यावर हा उपाय उरत नाही. म्हणून या दिवसांत भाजणे आणि थर देणे एकाच दिवशी उरकणे श्रेयस्कर. पुदिन्याचा वास अन्य पदार्थांना लवकर लागतो, त्यामुळे या कुकीजचा डबाही स्वतंत्र असावा.